जुनं बेअरिंग

शीरा सिस्टरची गाडी सोमवारी दुपारी गॅरेजच्या दारात थांबली, तेव्हा बॉनेट उघडायच्या आधीच दिनानाथला कळलं की क्लच प्लेट जळाली आहे. तो वास त्याच्या ओळखीचा होता. बावीस वर्षं तो रोह्याहून वरसेला जाणाऱ्या रस्त्यावर, दोन गाड्या मावतील एवढ्या पत्र्याच्या शेडमध्ये हेच काम करत होता, आणि एकटाच करत होता.

"दिना, चढावर गाडी नुसती ओरडते. पुढं जात नाय," सिस्टर खाली उतरत म्हणाली.

"प्लेट गेली सिस्टर. गिअरबॉक्स खाली घ्यावा लागंल. ठेवून जा तीन-चार दिवस."

"तीन-चार दिवस नाय जमायचं. बुधवारी सकाळी मला पेणला जायचंय. मी गेले नाय तर हन्ना दुसऱ्या कुणाला अंगाला हात लावू देत नाय. तशीच पडून राहते."

शीरा सदुसष्ट वर्षांची होती. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून तिची सगळी नोकरी झाली. वरसेतल्या कित्येक पोरांना पहिल्यांदा हातात घेतलं ते तिनंच, म्हणून म्हातारी माणसंसुद्धा तिला सिस्टर म्हणत. तिचा नवरा एलियाह शाळेत गणित शिकवायचा. दिनानाथ त्याच्या वर्गात दोन वर्षं बसला होता आणि एकदा नापासही झाला होता. काचबिंदूनं सरांची नजर आता फार कमी झाली होती, त्यामुळं गाडी सिस्टरच चालवायची. रोह्यात बेने इस्राएल ज्यूंची घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. बाकीचे केव्हाच इस्राएलला गेले. यांचा मुलगा जोशुआही तिकडंच होता. हे दोघं राहिले, कारण पेणला सिस्टरची थोरली बहीण हन्ना होती. तिचं खुब्याचं हाड मोडल्यापासून ती अंथरुणावर होती, आणि दर बुधवारी शीरा जाऊन तिला अंघोळ घालायची.

"मंगळवारी संध्याकाळी न्या," दिनानाथ म्हणाला.

मंगळवारी सकाळपासून तो गाडीखाली होता. बॅटरी काढली, अ‍ॅक्सल काढले, गिअरबॉक्स जॅकवर घेऊन हळूहळू खाली उतरवला आणि शेवटचा वीतभर छातीवर झेलून बाजूला सारला. जुनी प्लेट हातात घेतली तर ती रिव्हेटपर्यंत झिजली होती. त्यानं नवीन क्लच सेटचं खोकं फोडलं. क्लच प्लेट बरोबर होती, प्रेशर प्लेट बरोबर होती. रिलीज बेअरिंग दुसऱ्याच गाडीचं निघालं. पेडल दाबलं की हेच बेअरिंग पुढं सरकून प्रेशर प्लेटला दाबतं आणि इंजिन गिअरपासून सुटं होतं. ते बसेना.

त्यानं दुकानात फोन लावला. दुकानदार म्हणाला, पनवेलवरून मागवतो, गुरुवारी मिळेल.

दिनानाथनं जुनं बेअरिंग कापडानं पुसलं, कानाजवळ धरून फिरवलं. किंचित खरखर होती. याहून वाईट बेअरिंगं वर्षभर चाललेली त्यानं पाहिली होती. तरी तो थोडा वेळ ते फिरवत तसाच बसून राहिला. सिस्टरला फोन करून गाडी होत नाय म्हणून सांगता आलं असतं. पण त्याच्या डोळ्यांसमोर हन्ना आली, जिला त्यानं कधी पाहिलंही नव्हतं. त्यानं बेअरिंगला ग्रीस लावलं आणि ते परत बसवलं. गुरुवारी नवीन आलं की पुढच्या आठवड्यात गिअरबॉक्स पुन्हा उतरवू, सिस्टरला आज तसं सांगून ठेवू, असं त्यानं ठरवलं.

संध्याकाळी सिस्टर आली, सीटवर बसली, दोन-चारदा पेडल दाबून पाहिलं.

"लोण्यासारखा झालाय रे. गुडघा दुखायचा माझा दाबून दाबून."

"सिस्टर, सावकाश चालवा."

"मी कधी जोरात चालवली? तुझ्या अनिताची शुगर बघितलीस का परत? या महिन्यात बघायला सांगितलं होतं."

"नाय बघितली."

"उद्या येताना मशीन घेऊन येते. उपाशीपोटी राहायला सांग तिला."

आणि ती गेली. सांगायचं राहून गेलं, असं दिनानाथ पुढं बरेच दिवस स्वतःला समजावत राहिला. पण राहून गेलं नव्हतं. "सावकाश चालवा" म्हणाला तेव्हा पुढचं वाक्य त्याच्या तोंडात तयार होतं. ते त्यानं गिळलं, कारण एवढी खूश झालेली सिस्टर त्याला आवडली होती.

बुधवारी साडेनऊला सिस्टर आणि सर निघाले. नागोठणं बरंच मागं पडल्यावर पेडल दाबलं की खालून चिरका आवाज येऊ लागला. सर म्हणाले, परत फिरू. सिस्टर म्हणाली, आता पेण जवळ आणि रोहा लांब. वडखळच्या अलीकडं एका पुलाच्या चढावर पुढचा टेंपो हळू झाला म्हणून तिनं क्लच दाबला. आत काहीतरी तुटलं. पेडल तळाला जाऊन टेकलं, गाडीनं आचका दिला आणि ती जागच्या जागी बंद पडली. तिनं दोनदा स्टार्टर मारला. दोन्ही वेळा गाडी पुढं उडी मारून थांबली.

"उतर तू," सर म्हणाले.

"गिअर सुटतोय का बघते. सुटला की ढकलून कडेला घेऊ. तुम्ही मागं जाऊन गाड्या बघा."

सर काठी घेऊन वीसएक पावलं मागं गेले आणि पांढरा रुमाल हलवत उभे राहिले. चार-पाच गाड्या हॉर्न मारत बाजूनं गेल्या. मग डोलवीकडं जाणारा एक रिकामा ट्रेलर आला. तो बाजूला झाला नाही. सरांच्या अंगावरून वारा गेला, आणि मग आवाज झाला.

दफन गुरुवारी सकाळी झालं. प्रार्थनेला त्यांच्या समाजाचे दहा पुरुष लागतात. ते अलिबागहून, ठाण्याहून जमवावे लागले. जोशुआला विमान मिळालं नव्हतं. कुणीतरी त्याच्यासाठी मोबाइल धरून उभं होतं. वरसेची माणसं कब्रस्तानात मावत नव्हती. सगळ्यांनी माती टाकली. दिनानाथनंही टाकली. तो घरी परतत असताना फोन वाजला. दुकानदार होता. म्हणाला, तुझं बेअरिंग आलंय, घेऊन जा.

त्यानं ते आणलं. का आणलं ते त्याला सांगता आलं नसतं. खोकं तसंच गॅरेजच्या फळीवर ठेवून दिलं.

ट्रेलरचा ड्रायव्हर हर्षद नावाचा सत्तावीस वर्षांचा डोलवीचाच मुलगा होता. पोलिसांनी त्याला जागेवरच धरला. सरांनी जबाबात सांगितलं की त्याच्या हातात मोबाइल होता, तो मोबाइलमध्ये बघत होता. पेपरात चार ओळी आल्या, त्यातही मोबाइल होता. रोह्यात जो तो त्या ड्रायव्हरला शिव्या घालत होता. चहाच्या टपरीवर दिनानाथसमोरही घालत. तो खाली मान घालून चहा संपवायचा. बंद पडलेली गाडी बंद का पडली, हे कुणीही विचारलं नाही.

पंचनामा, तपासणी झाल्यावर पोलिसांनी गाडी सोडली. सरांचा फोन आला.

"दिना, ती घेऊन ये. तुझ्याकडंच ठेव. दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची नाय मला."

गाडी टो करून आणली. मागची सीट पुढच्या सीटला येऊन भिडली होती. पुढचा भाग मात्र जवळजवळ शाबूत होता. दोन दिवस दिनानाथनं तिच्यावर ताडपत्री टाकून ठेवली. तिसऱ्या दिवशी शेडचं शटर अर्धं ओढून घेतलं आणि तो खाली शिरला.

गिअरबॉक्स सुटताच आतून लोखंडाचा चुरा त्याच्या बाहीवर पडला. बेअरिंगचे तुकडे झाले होते. त्यातल्या गोळ्या निसटून प्रेशर प्लेटच्या पात्यांत गेल्या होत्या आणि पाती वाकली होती. सगळं त्यानं वर्तमानपत्रावर मांडलं. गोळ्या मोजल्या. दोन सापडल्या नाहीत.

फळीवर नवीन खोकं होतंच. ते बसवून गिअरबॉक्स परत चढवला असता तर कुणीही उघडून बघितलं तरी आत सगळं कोरं करकरीत दिसलं असतं. त्यानं खोकं खाली घेतलं. कापड घेऊन आतला चुरा पुसायलाही लागला. तेवढ्यात त्याची बायको अनिता जेवणाचा डबा घेऊन शटरखालून वाकून आत आली. कागदावरचे तुकडे पाहून ती थांबली.

"हे काय हाय?"

त्यानं सांगितलं. सगळं सांगितलं, अगदी सिस्टर क्लच लोण्यासारखा झाला म्हणाली तेसुद्धा.

अनितानं कागदावरची एक गोळी उचलून परत ठेवली. मग म्हणाली, "तुम्हाला कुणी विचारलं का?"

"नाय."

"गाडी त्यानं ठोकली. दिवसाढवळ्या उभी गाडी त्याला दिसू नये?"

"ती उभी का राहिली?"

"मला नका विचारू." ती डबा ठेवून वळली, पुन्हा थांबली. "इथंच राहायचंय आपल्याला. याच लोकांत. एवढंच सांगते."

"तो पोरगा आत हाय अनिता."

"मला म्हाईत हाय तो आत हाय," ती म्हणाली आणि रडू लागली. सिस्टर गेल्यावर ती पहिल्यांदाच रडत होती.

संध्याकाळी दिनानाथ तुकडे एका पिशवीत घालून सरांकडं गेला. जोशुआ येऊन, थांबून, परत गेला होता. वडिलांना बरोबर नेण्याचा त्यानं खूप आग्रह केला होता. सर गेले नाहीत. पडवीत तेलाचा दिवा जळत होता. सर खाली चटईवर बसले होते, दाढी वाढली होती.

दिनानाथ दाराशीच बसला आणि बोलू लागला. मध्ये थांबला असता तर पुन्हा बोलता आलं नसतं, म्हणून एका दमात बोलला. शेवटी पिशवी पुढं सरकवली.

सरांनी तुकडे एकेक करून बोटांनी चाचपले.

"हे काय करतं नेमकं?"

दिनानाथनं समजावून सांगितलं.

"आणि खरखर होती म्हणजे? किती? तुला ऐकू आली का कान लावावा लागला?"

"कान लावावा लागला."

"नवीन कधी येणार होतं?"

"गुरुवारी."

"गुरुवारी," सर म्हणाले. "तू तिला सांगितलं असतंस तर ती बसनं गेली असती. तिला बसचं काय वावडं नव्हतं. हन्नाकडं जायचंच होतं तिला, कशानंही गेली असती."

"व्हय सर."

"जा तू आता."

दिनानाथ उठेना.

"जा म्हणतो ना. मी काठी मारीन तुला आणि ती दुसरीकडंच लागेल. जा."

त्यानंतर नऊ दिवस काही नाही. दिनानाथ गॅरेज उघडायचा आणि बसून राहायचा. एकट्यानं पोलिसांकडं जावं असं रोज सकाळी ठरवायचा, आणि सरांना न विचारता कसं जायचं, असं म्हणून रोज दुपारी टाळायचा. दहाव्या दिवशी सकाळी सर स्वतः काठी टेकत गॅरेजच्या दारात आले. दाढी तशीच होती. पिशवी हातात होती.

"चल. एसटीनं जायचं पोलिसांकडं."

बस नागोठण्याच्या पुढं गेली. मग सर खिडकीकडं तोंड करूनच म्हणाले, "मला मोबाइल दिसला नव्हता."

दिनानाथला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"मोबाइल नाय, त्याचं तोंड नाय. ट्रेलर पिवळा होता हेसुद्धा मी नंतर लोकांकडून ऐकलं. मला एवढंच दिसलं की काहीतरी मोठं येतंय. लोक म्हणत होते, नक्की मोबाइलवर असणार. पोलिसांनी विचारलं, मोबाइल होता का? मी म्हटलं, होता."

"सर, तुम्हाला त्या वेळी…"

"मला सगळं समजत होतं त्या वेळी. तिला दार उघडून ओढून काढता आलं असतं, दिना. बायको आहे माझी, हात धरून ओढली असती तर आली असती. ती म्हणाली मागं जा, आणि मी रुमाल घेऊन गेलो. आंधळा माणूस गाड्या थांबवायला गेला. मग कुणाच्या तरी हातात काहीतरी असायला पाहिजेच होतं."

बस त्या पुलावरून गेली. सरांनी विचारलं नाही आणि दिनानाथनं सांगितलं नाही.

पोलीस ठाण्यात फौजदारानं दोघांना खुर्च्या दिल्या. सरांचं ऐकून घेतल्यावर तो कपाळ चोळत म्हणाला, "सर, पहिला जबाब तुम्ही सही करून दिलाय. आता बदललात तर केस ढिली होते. तुमच्याच बायकोची केस आहे."

"म्हणूनच आलोय. लिहा."

"आणि तुम्ही?" तो दिनानाथकडं वळला. "कुणी बोलावलं होतं?"

"नाय."

"तुमचंही नाव लागेल यात. वकील बघितलाय?"

"नाय."

फौजदारानं शिपायाला कागद आणायला सांगितले. बेअरिंगच्या तुकड्यांना लाखेचं सील लागलं. बाहेर पडायला दोन वाजले. तिथून सरांना पेणला हन्नाकडं जायचं होतं. शीरा आजारी आहे, असं आतापर्यंत तिला सांगितलं होतं. सर म्हणाले, आज तिलाही खरं सांगून टाकतो. दिनानाथ येतो म्हणाला, तर ते म्हणाले, "तू नको. आपलं दोघांचं काम झालं."

हन्नाला सांगितलं. त्यानंतर तिनं शेजारच्या बाईला अंघोळ घालू दिली, पण खाणं कमी करत नेलं, आणि जानेवारीत तीही गेली. पुन्हा दहा पुरुष जमवायचे होते. या वेळी नऊच जमले. त्या दफनाला दिनानाथ गेला नाही.

हर्षदला जामीन मिळाला. पुढं आरोपपत्र आलं, त्यात तो आरोपी क्रमांक एक आणि दिनानाथ क्रमांक दोन होता. वरसेत कुणी तोंडावर काही म्हटलं नाही. गाड्या मात्र दुसरीकडं जाऊ लागल्या. पंक्चर, ऑइल, एवढंच काम उरलं. सिस्टरच्या हातची जी पोरं होती, ती आता गाड्या चालवायच्या वयाची होती. ती गॅरेजसमोर वेग वाढवून जायची. अनितानं पापडाच्या कारखान्यात काम धरलं. तिनं एकदाही 'मी सांगितलं होतं' असं म्हटलं नाही. त्याला ते म्हटलेलं चाललं असतं.

पेणच्या कोर्टात पहिली तारीख पडली तेव्हा उन्हाळा सुरू झाला होता. व्हरांड्यात बाकावर सर एका टोकाला बसले होते. दिनानाथ दुसऱ्या टोकाच्या खांबाला टेकून उभा होता. हर्षद बायकोबरोबर आला. तिचं नाव नम्रता, असं त्यानंच नंतर सांगितलं. ती पोटुशी होती. तिला सावलीत बसवून तो दिनानाथजवळ आला.

"तुम्हीच ना मेकॅनिक?"

"व्हय."

"तुमच्यामुळं मला जामीन झाला, वकील म्हणतो."

दिनानाथ खांबापासून सरळ झाला.

"मोबाइल नव्हता माझ्या हातात," हर्षद म्हणाला. त्याचा आवाज खाली गेला. "खिशात होता. पण मी समोर बघत नव्हतो. पाण्याची बाटली होती, तिचं झाकण अडकलं होतं. दोन्ही हातांनी उघडत होतो, स्टिअरिंगला कोपर लावून. वर बघितलं तेव्हा गाडी समोर होती. म्हातारे दिसलेच नाय. ते रुमाल हलवत होते, हे मला पोलिसांनी सांगितलं."

"वकिलाला सांगितलंस?"

"तो म्हणाला, कुठं बोलू नको. तुम्हाला सांगितलं कारण… तुम्ही तुमचं सांगितलंत. मला आता ट्रेलर चालवता येत नाय. बसलो की परत खाली उतरतो. कंपनीच्या गेटवर माल मोजायचं काम करतो."

तो परत बायकोजवळ गेला. दिनानाथ खांबाशीच उभा राहिला. आता हेही त्याच्याजवळ आलं होतं.

"दिना," सरांनी हाक मारली. त्या बसच्या दिवसानंतर त्यांनी त्याला पहिल्यांदाच हाक मारली होती. तो जवळ गेला. "कोण बोलत होतं तुझ्याशी? तोच का?"

"तोच."

"काय म्हणतो?"

दिनानाथनं हर्षदकडं पाहिलं. तो बायकोला वहीनं वारा घालत होता. काही नाय म्हणता आलं असतं. एकदा गिळलेल्या वाक्याचं काय झालं ते दिनानाथला माहीत होतं. त्यानं सरांच्या शेजारी बसून सगळं सांगितलं, बाटली, झाकण, कोपर.

सर ऐकत राहिले. काठीवर दोन्ही हात, हातांवर हनुवटी. कोर्टाचा शिपाई बाहेर येऊन दुसऱ्याच कुणाची तरी नावं पुकारून आत गेला.

"तहान लागली असंल," सर शेवटी म्हणाले.

दुपारी पुकारा झाला. तिघं आत गेले. जजसाहेब रजेवर होते. लिपिकानं पुढच्या महिन्याची तारीख दिली आणि तिघांनी ओळीनं सह्या केल्या. सरांना रेघ दिसत नव्हती, म्हणून दिनानाथनं त्यांचा हात धरून पेनाचं टोक कागदावर टेकवलं. सही झाल्यावर सरांनी हात सोडवून घेतला आणि काठी टेकत ते एकटेच स्टँडकडं चालू लागले.